तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी उभी ठेवायची, तर पेट्रोलचं काय?

इन्जेक्शनची, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पंपाच्या दाबानं पेट्रोल फवारणारी, डर्ट बाइक चार-सहा महिने नुसती उभी राहणार असेल, तर टाकीतलं पेट्रोल काढून टाकायचं की भरून ठेवायचं? मोसम संपत आला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. एका शब्दात सांगायचं तर, भरा. त्यावर लगेच येतं, ‘अहो, पण आम्ही तर कायम रिकामी करूनच ठेवत आलोय!’ ते ‘कायम’ कार्ब्युरेटरच्या काळातलं आहे, आणि गोम तिथेच आहे.

कार्ब्युरेटरच्या पोटात फ्लोट बोल, म्हणजे पेट्रोलची छोटी वाटी, असते. त्यात थोडंसंच पेट्रोल, आणि तेही हवेला उघडं. गाडी उभी राहिली की त्यातला हलका भाग आधी उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. पायलट जेटचं, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या तोटीचं, भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. ते बुजायला राळेचा एक ठिपका पुरतो. म्हणून कॉक बंद करायचा, इंजिन मरेपर्यंत चालवायचं, बोलचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब गाळायचे. त्या रोगावर ते औषध अगदी बरोबर होतं, आजही आहे.

मग 2008च्या सुझुकी आरएम-झेड450पासून मोटोक्रॉसच्या गाड्यांत इन्जेक्शन रुळू लागलं. पुढच्याच वर्षी होंडाच्या सीआरएफ450आरमध्ये आलं, आणि बघता बघता फोर-स्ट्रोकमधून फ्लोट बोल दिसेनासा झाला. पंपापासून इन्जेक्टरपर्यंतचा रस्ता आता बंदिस्त आहे. गाडी चालू असताना त्यात तीन-साडेतीन बारचा दाब असतो. इन्जेक्टरची भोकं पायलट जेटपेक्षाही बारीक, पण करंट मिळाल्याशिवाय त्याचं तोंड उघडत नाही. आतल्या पेट्रोलला हवा लागत नाही, त्यामुळे ते जेटमधल्यासारखं वाळत नाही.

थोडक्यात, दुखणं जागा बदलून टाकीच्या तळाशी, पंपापाशी गेलं आहे.

हा पंप म्हणजे पेट्रोलमध्ये बुडवलेली विजेची मोटर. वाहतं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं आणि वंगणही तेच. म्हणजे ‘मरेपर्यंत चालवून रिकामी केली’ असं कोणी अभिमानानं सांगतं, तेव्हा त्यानं पंपाला शेवटी कोरडा फिरवलेला असतो. एवढं करून टाकी रिकामी होतच नाही. पंपानं हवा ओढली की इंजिन मरतं, पण पंपाच्या तोंडाखाली आणि तळाच्या खाचांत थोडं पेट्रोल उरतंच. वर अख्खी टाकीभर हवा, खाली पेट्रोलचा पातळ थर. फ्लोट बोलमधली तीच स्थिती आपण हातानं टाकीत तयार केली, आणि तीही ज्या जाळीतून पंप पेट्रोल ओढतो तिच्याभोवती. म्हणून माझं म्हणणं असं: टाकी एकतर ताज्या पेट्रोलनं भरलेली हवी, नाहीतर खरोखर रिकामी हवी. अर्धवट रिकामी सगळ्यांत वाईट.

पेट्रोल शिळं होतं म्हणजे काय होतं, तेही सांगते. पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनचं मिश्रण आहे. ब्युटेन, पेंटेनसारखे हलके घटक आधी उडतात, आणि थंड इंजिन पटकन पेट घेतं ते त्यांच्याच जिवावर. जे उरतं त्यातल्या काही घटकांचा ऑक्सिजनशी संयोग होऊन राळ बनते. तिसरी गोष्ट इथेनॉलची. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण त्यालाही मर्यादा आहे. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण तापमानाला लिटरमागे पाच मिलिलिटरच्या आसपास पाणी सामावून घेतं. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. तळाशी कोण आहे, ते वर सांगितलंच. शिवाय इथेनॉल निघून गेल्यामुळे वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची ताकदही, उतरतो. एक मात्र आहे: बंद टाकीत नुसत्या दमट हवेतून एवढं पाणी जमायला फार वेळ लागतो. डर्ट बाइकच्या टाकीत पाणी शिरतं ते बहुतेक वेळा धुताना, प्रेशर वॉशरचा फवारा झाकणावर आणि व्हेंट पाइपवर, म्हणजे टाकीत हवा ये-जा करणाऱ्या नळीवर, मारल्यामुळे. गाडी ठेवायच्या आधी सगळेच ती घासूनपुसून धुतात आणि मग हवामानाला दोष देतात.

माझा हिशोब सरळ आहे. महिनाभराचा प्रश्न असेल तर काहीही करू नका. सहा महिन्यांपर्यंत ठेवायची असेल तर ताजं पेट्रोल, त्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात स्टॅबिलायझर, टाकी भरा आणि दहा मिनिटं इंजिन चालवा. ही दहा मिनिटं टाळू नका, नाहीतर स्टॅबिलायझर टाकीत राहतो आणि पंप, होज, इन्जेक्टरमध्ये जुनंच पेट्रोल बसून राहतं. स्टॅबिलायझर राळ होण्याचा वेग कमी करतो, एवढंच. शिळ्या कढीला ऊत आणणं त्याच्या हातात नाही, म्हणून तीन महिन्यांच्या जुन्या पेट्रोलमध्ये तो ओतण्यात अर्थ नाही. टाकी गळ्यापर्यंत मात्र भरू नका. दहा अंश तापमान वाढलं की पेट्रोल साधारण एक टक्का फुगतं. आठ लिटरच्या टाकीत वीस अंशांचा फरक पडला तर दीडशे मिलिलिटर जादा होतं, आणि ते व्हेंटमधून जमिनीवर येतं.

सहा महिन्यांच्या पुढे, किंवा कधी परत चालवणार याचा पत्ताच नसेल, तर काढा. ऑक्सिजनेटेड रेस फ्युएलवाल्यांनी (शर्यतीसाठी ऑक्सिजनयुक्त घटक घातलेलं पेट्रोल) सहा महिन्यांची वाटच बघायची नाही. ते रबर आणि प्लॅस्टिकला त्रास देतं, त्यामुळे चालवून झालं की त्याच दिवशी टाकीबाहेर. आणि जिथे अल्किलेट पेट्रोल मिळतं तिथे ही सगळी कटकटच टळते: इथेनॉल नाही, राळ करणारे घटक नावापुरते, कित्येक वर्षं टिकतं. शेवटची टाकी त्याची भरून, इंजिन फिरवून गाडी ठेवून द्यावी. महाग पडतं, पण वर्षातून एक टाकी.

आता काढण्याबद्दल, कारण खरी फजिती इथे होते.

उघड्यावर, थंड इंजिनवर, आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नाही अशा जागी. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, हवेत दीड टक्का वाफही पेटायला पुरते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरत लांब जाते. गॅरेजच्या कोपऱ्यातला हीटर दूर वाटतो तेवढा नसतो. सायफनसाठी हातपंप घ्या. तोंडानं ओढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त तिथून निघून जाते.

बहुतेक पेट्रोल झाकणातून सायफननं निघतं. उरलेल्यासाठी टाकी उतरवावी लागते, आणि त्याआधी होजमधला दाब सोडायला हवा. टाकीखालून पंपाला जाणाऱ्या वायरचा कनेक्टर काढा आणि इंजिन चालू करा. थोडं चालेल, मग आपोआप मरेल. पंप बंद आहे, म्हणजे तो कोरडा फिरला नाही. मग होजच्या क्विक कनेक्टरभोवती फडकं गुंडाळून दोन्ही बाजूंच्या खटक्या दाबा. सुटत नसेल तर ओढू नका, आधी आत दाबा, मग खटक्या दाबून बाहेर घ्या. खटक्यांच्या फटीत वाळलेली माती असते, ती आधी पाण्यानं आणि ब्रशनं काढली तर निम्मी झटापट वाचते. फडक्यात थोडं पेट्रोल येईलच. आत बारीक ओ-रिंग दिसेल. तिला चीर गेलेली असेल तर आत्ताच बदला. मग लगेच दोन्ही उघडी तोंडं झाका, स्वच्छ प्लॅस्टिक आणि रबर बँडनंही चालतं. इन्जेक्टरकडे जाणाऱ्या नळीत वाळूचा एक कण गेला, तर पुढे इन्जेक्टरच्या तोंडाशी असलेल्या इवल्याशा जाळीखेरीज त्याला अडवणारं काही नाही.

टाकी हातात आली की झाकणाकडून उलटी करा आणि हलवा. पंपाच्या आडोशाला पेट्रोल अडकतं. एका कोनात सगळं संपल्यासारखं वाटतं, दुसऱ्या कोनात धरलं की पुन्हा डुचमळतं. आवाज थांबेपर्यंत फिरवत राहा. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक, म्हणून टाकी मोकळ्या हवेत उघडी ठेवून सुकू द्या. टाकी परत बसवल्यावर पंपाचा कनेक्टर सुटाच ठेवा आणि हँडलला चिठ्ठी बांधा. मधेच कोणीतरी येऊन सहज बटण दाबतं, आणि कनेक्टर जोडलेला असेल तर पंप कोरडाच घरघरतो.

काढलेलं पेट्रोल पेट्रोलसाठीच बनवलेल्या कॅनमध्ये ठेवा, पाण्याच्या बाटलीत नाही. भरताना कॅन जमिनीवर टेकवा, स्थिर विजेची ठिणगी टळते. वर थोडी जागा सोडा, झाकण घट्ट लावा, तारीख लिहा. जुन्या पेट्रोलचा भरवसा नसेल तर थोडं काचेच्या बरणीत घेऊन ताज्याशेजारी ठेवा. रंग गडद आणि वास वॉर्निशसारखा आंबूस असेल, तर ते गेलं. बरणी तिरकी केल्यावर तळाशी वेगळी रेघ सरकताना दिसली, तर ते पाणी आणि इथेनॉल. असलं पेट्रोल कुठल्याच इंजिनात घालू नका आणि गटारातही ओतू नका, घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. चांगलं असेल तर तीन-चार पट ताज्या पेट्रोलमध्ये मिसळून मोटारीत घाला. डर्ट बाइकच्या चढ्या कॉम्प्रेशनला ऑक्टेन उतरलेलं पेट्रोल देण्यात शहाणपणा नाही.

परत चालू करताना टाकीत निदान दोन-तीन लिटर ताजं पेट्रोल हवं. कनेक्टर जोडा आणि पंप दोन-तीनदा प्राइम होऊ द्या, म्हणजे होजमध्ये दाब भरू द्या. प्रत्येक वेळी दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येईल आणि दाब भरत गेला की तिचा सूर बदलेल. बॅटरी नसलेल्या किकच्या गाड्यांत हा दाब तुमच्या पायातून येतो, तेव्हा घाम येईल. चालू होऊन ठसकत असेल तर लगेच इन्जेक्टर काढायला धावू नका. आधी बॅटरीचा व्होल्टेज बघा, कारण कमी व्होल्टेजवर पंप पुरेसा दाब देत नाही. मग होजच्या क्विक कनेक्टरमधला फिल्टर आणि पंपाची जाळी बदला. इन्जेक्टरची पाळी त्यानंतर.