पलीकडच्या काठावरचे बारसे

18 फेब्रुवारी, सेरेकुंडा

आज पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियाचा स्वातंत्र्यदिन असल्यामुळे, मी काम करतो त्या तांदळाच्या गोदामाला सुट्टी होती. 1965 साली याच तारखेला हा देश स्वतंत्र झाला, आणि राजधानी बांजूलमध्ये त्याचा समारंभही होता. पण मी तिकडे गेलो नाही. आमच्या इमारतीचे वयस्क राखणदार, ज्यांना वडीलधाऱ्यांना म्हणायच्या इथल्या रीतीप्रमाणे मी ‘पा’ म्हणतो, त्यांच्या पुतण्याच्या मुलाचे आज नदीपलीकडे बर्रा येथे बारसे होते, आणि ‘येतोस ना?’ असे त्यांनी आठवड्यात तीनदा विचारले होते. तिसऱ्यांदा विचारताना ते जरा जास्तच गंभीर दिसले, त्याचे कारण मला आज कळले.

नकाशात हा देश शोधायला गेलो तर सेनेगलच्या पोटात आडवी खुपसलेली एक काडी दिसते. लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, रुंदी कुठेही पन्नासच्या वर नाही, पश्चिमेला अटलांटिक आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना सेनेगल. 1889 साली इंग्रज आणि फ्रेंच यांनी आपसांत करार करून नदीच्या दोन्ही अंगांनी रेघा ओढल्या, तेव्हा नदी तेवढी इंग्रजांकडे राहिली आणि तिचे शेजारपाजार फ्रेंचांकडे गेले. ज्या नदीमुळे हा देश झाला, तीच त्याला उभा चिरत जाते. तिच्यावरचा पहिला मोठा पूल फाराफेन्नीजवळ 2019 मध्ये खुला झाला. मुखापाशी मात्र पाण्यावाचून वाट नाही. बांजूल आणि बर्रा यांच्यामध्ये सुमारे पाच किलोमीटरचे पाणी आहे.

सकाळी सातला आम्ही धक्क्यावर होतो आणि बोट सुटली तेव्हा नऊ वाजून गेले होते. हारमॅटनची, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची धूळ हवेत असल्यामुळे पलीकडचा काठ दिसतच नव्हता. बोटीवर ट्रक, शेळ्या, मासळीच्या घमेल्यांसह बसलेल्या बायका आणि पाठीला मुले बांधलेल्या आया, अशी दाटी होती, आणि त्या दाटीतून पा एकेकाला अभिवादन करीत पुढे सरकत होते. वोलोफ भाषेतले हे अभिवादन म्हणजे एका शब्दाचे काम नव्हे. ‘नांगा देफ?’ म्हणजे कसा आहेस. त्याला उत्तर ‘मांगी फी रेक’, म्हणजे मी इथेच आहे. मग ‘अना वा केर गी?’, घरची मंडळी कुठे आहेत. त्याला उत्तर ‘न्युंगा फा’, ती तिथे आहेत. त्यानंतर कामधंदा, तब्येत, झोप. कोणी आजारी असले तरी पहिल्या फेरीत सांगत नाहीत. आधी सगळे जागच्या जागी आहेत एवढे ठरते, मग बाकीचे बोलणे.

मी नवा होतो तेव्हा या सगळ्याला वैतागत असे. एकदा गोदामात ट्रक आल्याबरोबर मी चालकाला ‘मालाचे चलन कुठे आहे?’ असे विचारले. त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिले, ‘सलाम आलेकुम’ म्हटले, माझी झोप, माझे घर, माझी आई असे सगळे विचारून झाले आणि मग खिशातून चलन काढून दिले. माझी मान खाली गेली होती.

बर्राच्या घराच्या अंगणात चटया अंथरल्या होत्या. बाळाचा आज आठवा दिवस. आपल्याकडे बारावा, आणि इथे पाळणाही नाही, पण आत्याला मान इथेही आहे, हे पाहून मला मजा वाटली. तिच्या मांडीवर बाळ होते. एका वृद्धाने पाण्याने डोके ओले करून वस्तऱ्याने जावळ काढले; बाळ रडले नाही, नुसते भुवया उंचावून पाहत राहिले. मग इमामांनी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितले. आपली आत्या ‘कुर्र’ करते तेवढाच काय तो फरक. त्या क्षणी ते नाव अजून जाहीर झालेले नसते, आणि अंगणातली माणसे गप्प राहून वाट पाहतात. मग ते मोठ्याने पुकारले गेले आणि माझ्या शेजारी बसलेल्या पांनी टोपी काढून डोळे पुसले, कारण ते त्यांचेच नाव होते.

ज्याच्या नावावरून नाव ठेवतात तो माणूस आणि ते मूल एकमेकांचे ‘तोमा’ होतात. हे नाते जन्मभराचे असते. आपल्याकडे हयात आजोबांचे नाव नातवाला ठेवायला पुष्कळ घरांत कचरतात; इथे माणूस जिवंत असताना त्याचे नाव पुढे चालू झालेले त्याला ऐकवतात. मला हे अधिक शहाणपणाचे वाटले.

बाळाची आई सेनेगलमधल्या काओलाकची. तिची माणसे पहाटे सीमा ओलांडून आली होती. भाषा तीच, नाती तीच, फक्त यांची मुले शाळेत इंग्रजी शिकतात आणि त्यांची फ्रेंच. आहेराच्या परातीत गाम्बियाच्या दलासी आणि सेनेगलच्या फ्रँकच्या नोटा एकत्र पडत होत्या, आणि एक मावशी दोन्हींचा हिशेब तोंडी करीत होती. 1982 ते 1989 या काळात दोन्ही सरकारांनी महासंघ करून पाहिला होता; तो टिकला नाही.

जेवायला बेनाचिन, म्हणजे इथला माशाचा भात होता. एका भांड्यात शिजवलेला म्हणून ते नाव. मोठ्या पसरट थाळ्याभोवती आम्ही सात जण बसलो, आणि यजमानीणबाई मासा मोडून माझ्या बाजूला ढकलत राहिल्या. तांदूळ तुकड्यांचा, म्हणजे आपल्या भाषेत कणी. आपल्याकडे जी कणी निवडून बाजूला काढतात तिलाच इथे पसंती, कारण ती रस चांगला शोषते. सप्टेंबर 2022 मध्ये भारताने तिच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा भाव का चढला, हे मला गोदामात दिवसातून दहा जणांना सांगावे लागत असे. आज पहिल्यांदा ती मी पोत्यात न पाहता थाळ्यात पाहिली.

परतताना बोटीची रांग फार मोठी होती, म्हणून रंगीत होडीने आलो. होडी काठाला लागत नसल्यामुळे हमाल उतारूंना खांद्यावर बसवून पाण्यातून नेतात. माझे वजन 82 किलो. हमालाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले, दर वाढवला, आणि पा दोन मिनिटे हसत राहिले.

संध्याकाळी फाटकापाशी शेजाऱ्याने नेहमीप्रमाणे पांना घरच्या मंडळींची चौकशी केली. ‘न्युंगा फा,’ पा म्हणाले, ती तिथे आहेत. मग थांबून, नदीच्या दिशेला बोट करून त्यांनी पुढे जोडले, आता मीसुद्धा तिथे आहे.