६० सेकंद
रात्री पावणेदोनला दोन नंबरचा सर्व्हर पुन्हा रीबूट झाला. तिसऱ्यांदा!

एकच डिस्क, तीन सर्व्हर, वर ओसीएफएस२, म्हणजे अनेक सर्व्हरना एकच डिस्क एकाच वेळी वापरू देणारी फाइल सिस्टिम. प्रत्येकाने दर २ सेकंदांनी डिस्कवर हजेरी लावायची. हजेरी चुकण्याची मर्यादा, म्हणजे थ्रेशोल्ड, ३१. त्यातून एक वजा, ३० गुणिले २, ६० सेकंद. तेवढ्यात हजेरी नाही लागली, तर सर्व्हर स्वतःलाच पाडतो. अर्धवट लिहून बाकीच्यांचा डेटा नासू नये म्हणून.

आमच्याकडे डिस्कपर्यंतची एक वाट बंद पडून दुसरी सुरू व्हायलाच मिनिटाच्या वर जात होतं. थ्रेशोल्ड ६१ केला, म्हणजे १२० सेकंद, तिन्हीकडे सारखा. मग शांत.

त्याआधी मी वैतागून म्हटलं होतं, "मेलं सारखं मरतंय."
शेजारचा म्हणाला, "मरत नाहीये रे, बाजूला होतंय."

गेल्या आठवड्यात अंगात ताप असताना ही सेटिंग्ज मीच बसवली होती. माझा थ्रेशोल्ड कोणी ठरवलाय?