‘एक्सेस’ आणि ‘एक्सेसिव्ह’: एका माजी विद्यार्थ्याचे मनोगत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सहलींच्या आणि स्नेहसंमेलनाच्या आठवणी माझे वर्गमित्र लिहितीलच. इंग्रजीच्या तासाने लावलेली शब्दांची चिकित्सा पुढे माझ्या पोटापाण्याचं काम झाली. म्हणून भाषांतर करताना हटकून चुकणाऱ्या एका जोडीबद्दल लिहितो.

जादा ते सगळं ‘एक्सेसिव्ह’, असं आपण धरून चालतो. तसं नाही. विमानात 15 किलोंची मुभा असताना बॅग 18 किलो भरली, तर वरचे 3 किलो म्हणजे ‘एक्सेस बॅगेज’. इथे ‘एक्सेसिव्ह’ चालत नाही, कारण मर्यादा छापील आहे आणि वजाबाकी करून जादा किती ते सांगता येतं. रेल्वेत तिकीट तपासनीस फाडतो ती ‘एक्सेस फेअर’ची पावती. हवामान खातं मोसमी पाऊस सरासरीपेक्षा 20 ते 59 टक्के जास्त झाला की त्याला ‘एक्सेस’ म्हणतं, 60 टक्के किंवा त्याहून वर गेला की ‘लार्ज एक्सेस’. त्यात तक्रारीचा सूर नसतो. धरणं भरली म्हणून लोक खूशही असतील.

‘एक्सेसिव्ह’मध्ये मात्र निवाडा आहे: वाजवीपेक्षा जास्त, आणि म्हणून गैर. इंग्लंडच्या 1689 च्या ‘बिल ऑफ राइट्स’मध्ये जामीन आणि दंड ‘एक्सेसिव्ह’ नसावेत असं म्हटलं आहे; अमेरिकेच्या राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीने (1791) हाच शब्द उचलला. आकडा दोन्हीकडे नाही. किती म्हणजे अति, हे न्यायाधीशाने ठरवायचं. आपल्याकडे 1918 च्या सावकारी व्याजासंबंधीच्या कायद्यातही व्याजाला हेच विशेषण आहे.

म्हणून विजेच्या बिलाच्या तक्रारअर्जात नुसतं ‘द बिल इज एक्सेसिव्ह’ लिहून भागत नाही. आधीच्या तीन महिन्यांचे युनिट लिहा, समजा 140, 152, 147. मग या महिन्याचे 410 लिहा. घरात नवं उपकरण आलेलं नाही हे सांगा. आणि त्यानंतर ‘एक्सेसिव्ह’ वापरा. निवाड्याचा शब्द पुराव्याआधी आला की वाचणाऱ्याला ती नुसती कुरकूर वाटते. ‘व्हेरी एक्सेसिव्ह’, ‘टू एक्सेसिव्ह’ही नको. ‘अति’ शब्दातच आहे, वर आणखी मीठ कशाला?

कौतुकात तर हा शब्द घातकच. ‘ही हॅज एक्सेसिव्ह नॉलेज’ असं शिफारसपत्रात लिहिलं तर गुरुजींची विद्वत्ता लोकांना सोसवत नाही, असा अर्थ निघतो. तिथे ‘एक्स्टेन्सिव्ह’ हवं.

वाक्यातली जागाही बघावी. विशेषण म्हणून ‘एक्सेस’ नामाच्या आधीच बसतं: ‘एक्सेस वेट’. ‘द वेट इज एक्सेस’ चूक. ‘द वेट इज एक्सेसिव्ह’ बरोबर, पण अर्थ बदलला. स्पेलिंगमध्ये एक्सनंतरचा सी हमखास गळतो, शेवटच्या दोन एसपैकी एक खाल्ला जातो. उच्चारात जोर दुसऱ्या अवयवावर, इक्‌-सेस्‌-इव्ह. ‘अॅक्सेस’ म्हणजे प्रवेश, तो शब्दच वेगळा. त्यात जोर पहिल्या अवयवावर आणि सी दोन. आपल्या बोलण्यात दोन्ही एकसारखे होतात आणि मग ‘इंटरनेट एक्सेस’ लिहिलं जातं.

मराठीकडून इंग्रजीत जाताना खरा घोळ ‘अतिरिक्त’ने होतो. अतिरिक्त जिल्हाधिकारी ‘अॅडिशनल’ असतात. अतिरिक्त भाडं घेतलं गेलं, तर ते ‘एक्सेस’. आणि संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदं मंजूर होताना, पद कमी झाल्याने अतिरिक्त ठरलेले शिक्षक ‘सरप्लस’. त्यांना ‘एक्सेसिव्ह टीचर’ म्हणणारा अर्ज शिक्षण खात्याकडे धाडू नये.