खुराक

कोल्हापुरात आता दुधाच्या कट्ट्यावरही 'प्रोटीन किती?' विचारणारी पोरं भेटतात. म्हैस समोर उभी, पेल्यावर बोटभर फेस, आणि पठ्ठ्या मोबाईलवर ग्रॅम मोजतोय. तालमीतल्या जुन्या वस्तादांना हा हिशेब कधी लागला नाही. त्यांचा खुराक ठरलेला: दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. पण त्याआधी जोर-बैठका, नाहीतर वाटी पुढ्यात यायची नाही.

आपला सगळ्यांचा एक गोड समज असतो, की बोकडाचं मांस पोटात गेलं की ते सरळ दंडावर जाऊन बसतं. तसं झालं असतं तर रविवारी दुपारी निम्मं गाव शिंगं घेऊन फिरलं असतं. प्रत्यक्षात पोटात आधी मोडतोड होते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. आम्लं 20 प्रकारची, क्रम मात्र प्रत्येक माळेचा वेगळा. गुजरीत जुना साज मोडायला दिला की सोनार पानड्या सुट्या करतो आणि आपण सांगू तशा नव्याने ओवून देतो; पोटातलं आम्ल आणि पाचकरस बोकडाच्या प्रथिनांचं तेच करतात. पुढे काय ओवायचं हे आपल्या पेशीतल्या जनुकांनी ठरवायचं. 20 पैकी नऊ आम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात. त्या नवांपैकी ज्वारीत लायसिन कमी, हरभऱ्यात मेथिओनिन कमी. भाकरीशेजारी झुणका पडला की दोघांचं भागतं.

ग्रॅमचंच म्हणाल तर भारतीय शिफारस रोज किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 50 च्या आसपास. मेहनत करणाऱ्या पैलवानाला त्याहून जास्त लागतं, कबूल. पण घाम न गाळता डबाभर पावडर ढोसली तर जादाचं शरीर साठवून ठेवत नाही. नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो, उरलेलं जळतं किंवा चरबीत जमा होतं. महागडी लघवी, दुसरं काय!

माळ ओवून झाली की ती दुमडते, आणि प्रथिनाचं काम त्या घडीवर ठरतं. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहतं, स्नायूतले ॲक्टिन आणि मायोसिन एकमेकांवर सरकले की दंड फुगतो, पाचकरसातली प्रथिनं दुसऱ्या प्रथिनांना कापतात. घडी उलगडली की हे काम संपलं. ते डोळ्यांनी बघायचं असेल तर खरवस करावा.

म्हैस व्याली की दूध घालणाऱ्या मावशी किटलीतून चीक आणतात. पिवळसर, दाट, बोटाला चिकटणारा. पहिल्या धारेचा असेल तर त्यात साधं दूध मिसळावंच लागतं, नाहीतर खरवस रबरासारखा होतो. गूळ विरघळवायचा, वेलदोडा आणि जायफळ घालायचं आणि डबा शिट्टी न लावता वाफवायचा. झाकण काढलं की हलवलेल्या डब्यात नुसता थरथरतो, सांडत नाही. साधं दूध तासभर उकळलं तरी साय आणि बासुंदीच, कारण त्यातलं बहुतेक प्रथिन केसिन, ते उष्णतेला दाद देत नाही. चिकात प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, ठासून भरलेली असतात. आच लागली की त्यांच्या घड्या सुटतात, माळा एकमेकींत अडकतात आणि पाणी त्या जाळीत कोंडतं. सुरीला लागते ती ही जाळी.

ही प्रतिपिंडं खरं तर रेडकासाठी. माणसाच्या बाळाला ती गर्भातच वारेतून मिळतात. म्हशीच्या वारेतून पलीकडे जात नाहीत. त्यामुळे रेडकू जवळजवळ निःशस्त्र जन्मतं. पहिला दिवसभर त्याचं आतडं ही प्रथिनं न मोडता अख्खी रक्तात घेतं, आणि मग ती वाट बंद होते. हे वाचल्यापासून मावशींना आधी विचारतो, "रेडकू प्यालं का?"

"त्येचं पोट भरल्याबिगर तुमास्नी देतोय व्हय?" मावशी फणकारतात. मग निर्धास्तपणे दुसरी वडी.

आणि तांबडा रस्सा? त्याचा झटकासुद्धा एका प्रथिनाचाच. जिभेच्या मज्जातंतूंच्या टोकांवर ते दारासारखं बसलेलं असतं आणि साधारण 43 अंशांवर उघडतं, म्हणजे भाजतंय ही वर्दी मेंदूला जाते. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं त्यातच बसतं, आणि काही भाजलेलं नसताना मेंदू बोंब ठोकतो. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये ते शोधलं, 2021 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अशा माणसाला एकदा रविवारी इकडे जेवायला बोलवायला हवं. पाणी पिऊन ही आग विझत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दूध-दह्यातलं केसिन मात्र त्याला जिभेवरून ओढून नेतं.

पोपट हिरवी मिरची पेरू खावा तशी खातो, त्याचंही गुपित इथेच. पक्ष्यांमध्ये हेच प्रथिन जरा वेगळ्या घडणीचं असतं, कॅप्सायसिनला तिथे थारा मिळत नाही. आमची घडण माणसाचीच. नाकाला धार लागलेली, कानशिलं तापलेली, रुमाल भिजलेला, आणि पंगतीतून हाक जाते, "ओ वाढपी, तांबडा आणा की हिकडं!"