अकरावं एकॉर्न

इंग्लंडात सात वर्षं झाली, पण रंगेहाथ पकडले गेले ती मागच्या ऑक्टोबरात. मुद्देमाल : अकरा एकॉर्न.

लंडनच्या रिचमंड पार्कात ओकखाली वाकून मी ती सुपारीएवढी फळं खिशात भरत होते. ओकचा वामनवृक्ष (बोन्साय) करायचा होता, तोही बीपासून. हिरव्या जॅकेटातले एक आजोबा आले. आधी हवेबद्दल बोलले (इथलं ‘जेवलात का?’), मग हळूच म्हणाले, इथलं काही उचलायचं नसतं, हिवाळ्याआधी हरणं यावरच अंगात चरबी धरतात.

हरणांच्या तोंडचा घास! मी तिथल्या तिथे खिसा उलटा केला आणि घरी येईपर्यंत धुमसले. 1637 साली पहिल्या चार्ल्स राजाने हे रान कुंपणात घेतलं ते याच हरणांच्या शिकारीसाठी. आजही रात्रीचा पार्क बंद ठेवून कळपातली काही मारतातच. आणि जपायचं कुणी, तर मी! वाईला शाळेच्या वाटेवर चिंचा पाडल्या की म्हातारी शिव्या घालायची. पण चिंचा आमच्याकडेच राहायच्या.

शेजारच्या बाईंना हे रडगाणं ऐकवलं. दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला पावाची पिशवी लटकलेली, आत त्यांच्या परसातल्या ओकची चाळीसेक फळं. मला एकदम कसंतरीच झालं.

बादलीत टाकली. तरंगली ती बाद. टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तीही बाद, ते अळीचं काम. उरलेली ओलसर मातीत घालून फ्रीजमध्ये, कोथिंबिरीशेजारी, कारण हे बी वाळलं की मेलं. आपल्याकडे कावळा शिटला की तिसऱ्या मजल्याच्या पाइपावर वड उगवतो, उपटला तरी पुन्हा येतो. आणि या लाकडावर ज्यांनी आरमारं बांधली, त्यांच्या झाडाचं बाळंतपण मी फ्रीजमध्ये करतेय.

जानेवारीत पांढरी मुळं फुटली, कोंब मात्र थेट वसंतात. मे महिन्यात एक रोप उपसलं तर वर चार बोटं खोड आणि खाली वीतभर सोटमूळ. ते कापावं लागतं, नाहीतर उथळ कुंडीत बसणार कसं? कात्री घेऊन दहा मिनिटं नुसती उभी होते. शिवाय खोड जाड व्हायला आधी काही वर्षं जमिनीतच वाढवायचं, म्हणजे भाड्याच्या घरात पंचाईत. जुलैत पानांवर भुरी आली ती वेगळीच.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, ‘‘वामनवृक्ष घरात नको गं, माणसाची वाढ खुंटते.’’ चौतिसाव्या वर्षी माझी आणखी कुठली वाढ राहिलीय?

आता खिडकीत पाच रोपं आहेत. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी खिसा उलटा केला तरी अकरावं एकॉर्न अस्तराच्या भोकातून आत गेलं होतं. महिनाभराने धुवायला कोट काढला तेव्हा हाताला लागलं. तोवर ते वाळलंच असणार, म्हणून परत नेऊन देण्यात अर्थ नव्हता. फ्रीजमधल्या मातीत बाकीच्यांत मिसळलं. तरंगतं की बुडतं, पाहिलं नाही.

पार्कात आजोबा अजून भेटतात. हवेचा विषय आता मीच काढते.