तुम्ही विचारलंत म्हणून : आधीच ‘सक्रिय’ असलेला कार्बन पुन्हा ॲसिडमध्ये कशाला उकळायचा?

पाण्यातून जड धातू काढायला आम्ही ॲक्टिव्हेटेड कार्बनवर रासायनिक प्रक्रिया करतो, असं सांगितलं की समोरून हमखास येणारा प्रश्न : “पण तो आधीच ॲक्टिव्हेटेड असतो ना? मग तुम्ही आणखी काय करता?” प्रश्न रास्त आहे. घोळ त्या नावातच आहे.

‘सक्रिय’ करणं म्हणजे कोळसा आतून पोखरणं, एवढंच. करवंटीचा, लाकडाचा किंवा दगडी कोळसा ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेत ठेवला की वाफ त्यातला काही कार्बन खाऊन टाकते. मागे इतकी बारीक छिद्रं उरतात की एका ग्रॅमच्या पोटात साधारण १००० चौरस मीटर पृष्ठभाग मावतो. हा आकडा ऐकून सगळेच हरखतात, मीही हरखले होते. पण घर मोठं आहे म्हणून पाहुणा आपोआप राहायला येत नाही.

रंग, वास, कीटकनाशकांचे अंश हे बहुतेक सेंद्रिय रेणू. पाण्याशी त्यांचं फारसं पटत नसतं, त्यामुळे ते कार्बनच्या भिंतीला आपणहून चिकटतात. विरघळलेल्या शिशाचं तसं नाही. तो दोन धनप्रभार घेऊन फिरणारा आयन, भोवती पाण्याच्या रेणूंचं कडं. पाण्यात तो मजेत असतो. त्यातून वाफेवर तयार केलेल्या पुष्कळशा कार्बनचा शून्यप्रभार बिंदू, म्हणजे ज्या पीएचला पृष्ठभागावरचा एकूण प्रभार शून्य होतो आणि ज्याच्या खाली तो धन होतो तो, पीएच ८ ते १०च्या आसपास असतो. म्हणजे साध्या, पीएच ७च्या पाण्यात त्या कार्बनच्या पृष्ठभागावरही थोडा धनप्रभारच. अगदीच काही धरत नाही असं नाही, पण एवढ्या जागेच्या मानाने फार थोडं धरतो.

कार्बनच्या पोत्यावर आयोडीन नंबर छापलेला असतो, ९०० किंवा १०००. एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन शोषतो, ते हा आकडा सांगतो. बारीक छिद्रं किती आहेत, याचा चांगला अंदाज त्यावरून येतो. शिसं किती धरेल, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. तरी कार्बन निवडताना सगळ्यांची नजर तिथेच जाते.

आता ॲसिडचं. कार्बनचे दाणे नायट्रिक ॲसिडमध्ये घालून फ्यूम हूडखाली, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, काही तास तापवायचे. थोड्याच वेळात तांबूस-तपकिरी वाफा निघायला लागतात. तो नायट्रोजन डायऑक्साइड, विषारी प्रकरण. हूडची काच खाली ओढलेलीच ठेवायची. ॲसिड कार्बनच्या कडा जाळत जातं आणि तिथे ऑक्सिजन असलेले गट उगवतात : कार्बॉक्सिल, लॅक्टोन, फिनॉल. यातला कार्बॉक्सिल आमच्या कामाचा. तो पाण्यात आपला हायड्रोजन सोडतो, स्वतः ऋण होतो आणि शिशाला धरतो. शून्यप्रभार बिंदू ९वरून ३च्या आसपास घसरतो. गंमत म्हणजे या खटाटोपात पृष्ठभाग कमी होतो. छिद्रांच्या भिंती ढासळतात, तोंडं नव्या गटांनी बुजतात. आयोडीन नंबर उतरतो आणि शिसं धरण्याची ताकद वाढते. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नमुन्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या.

खरं कंटाळवाणं काम पुढेच. धुणं. दाण्यांच्या पोटात अडकलेलं ॲसिड बाहेर यायला मागत नाही. धुतलेल्या पाण्यात पीएच पट्टी बुडवली की ती दहाव्यांदाही लालच. कंटाळून तिथेच थांबलात तर हा कार्बन नंतर शिशाच्या पाण्यात ॲसिड सोडतो, पीएच खाली आणतो आणि स्वतःच्याच कामावर पाणी फिरवतो.

“मग असा कार्बन सगळे जड धातू काढेल?” हा पुढचा प्रश्न. नाही. ‘जड धातू’ ही एक बिरादरी आहे, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. पाऱ्याला ऑक्सिजनपेक्षा गंधक प्रिय. राल्फ पिअर्सन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये आम्ल-आम्लारींची ‘कठीण’ आणि ‘मृदू’ अशी विभागणी मांडली, त्यात पारा आणि गंधक दोघेही मृदूंच्या पंगतीत बसतात, आणि मृदूचं मृदूशी चांगलं जमतं. गंधक असलेल्या थायॉल गटाचं जुनं नाव मर्कॅप्टन. ते मुळात लॅटिनमधलं, अर्थ ‘पाऱ्याला पकडणारा’. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनज्ञांना हे नातं आधीच कळलं होतं. म्हणून पाऱ्यासाठी कार्बनला गंधकाचा लेप द्यायचा.

आर्सेनिकची तऱ्हा आणखी वेगळी. पाण्यात ते दोन रूपांत भेटतं, आर्सेनेट आणि आर्सेनाइट. आर्सेनेट पाण्यात ऋण आयन म्हणून राहतं, त्यामुळे नायट्रिक ॲसिडने ऋण केलेला कार्बन त्याला उलट दूर ढकलतो. तिथे लोहाच्या ऑक्साइडचा थर लागतो. आर्सेनाइट तर साध्या पाण्यात प्रभारच बाळगत नाही. त्याचं आधी ऑक्सिडीकरण करून आर्सेनेट करावं लागतं, मगच ते नीट हाती लागतं.

क्रोमिअम-६ हे क्रोमिअमचं रूप मात्र लबाड. आम्लधर्मी पाण्यात कार्बन त्याला स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि त्याचं क्रोमिअम-३ होतं. क्रोमिअम-६ ओळखणाऱ्या डायफेनिलकार्बाझाइड या रसायनाचा जांभळा रंग उमटेनासा झाला की विद्यार्थी टाळ्या पिटतात. पण ती चाचणी फक्त क्रोमिअम-६ दाखवते. एकूण क्रोमिअम मोजलं तर बरंचसं पाण्यातच सापडू शकतं, कपडे बदलून.

टाळ्यांवरून आठवलं. माझ्या पहिल्या वर्षी शिसं ९९ टक्के गेल्याचा आलेख घेऊन मी मार्गदर्शक मॅडमकडे धावत गेले. लिटरमागे ५० मिलिग्रॅम शिसं, पीएच ८.५. त्यांनी आलेख पाहिला आणि विचारलं, “कार्बन न घालता केलंस?” केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच पाणी, तोच पीएच, कार्बन नाही. तासाभराने फ्लास्क उजेडात धरला तर पाणी धुरकट, आणि गाळणकागदावर पांढुरकी साय. शिशाचा साका. त्या पीएचला शिसं विरघळलेलं राहतच नाही, हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट होऊन तळाला बसतं. माझ्या ९९ टक्क्यांतले बहुतेक टक्के त्या साक्याचे होते. मॅडम काही बोलल्या नाहीत. आलेख मात्र वहीतून फाडू दिला नाही.

तेव्हापासून कोणी ‘९९ टक्के’ म्हटलं की मी आधी पीएच विचारते. मग विचारते, पाणी कुठलं? जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत पिण्याच्या पाण्यातल्या शिशासाठी लिटरला १० मायक्रोग्रॅम हा आकडा आहे. माझे ५० मिलिग्रॅम त्याच्या ५००० पट. शिवाय माझं पाणी ऊर्ध्वपातित होतं, त्यात शिशाशिवाय कोणी नव्हतं. खऱ्या पाण्यात लिटरला कित्येक मिलिग्रॅम कॅल्शिअम असतं आणि कार्बॉक्सिलच्या त्याच खुर्चीवर तेही बसू पाहतं. शिशाची पकड जास्त घट्ट, हे खरं. पण एका शिशामागे हजारो कॅल्शिअम आयन रांगेत उभे असतील, तर बऱ्याच खुर्च्या त्यांच्याकडे जातात. हे न तपासता छापलेल्या क्षमतेच्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. माझ्या स्वतःच्या जुन्या आकड्यांवरही नाही.

आणि हो, “माझ्या फिल्टरमध्ये कार्बन आहे, म्हणजे शिशाची काळजी नको ना?” पाकिटावर काय लिहिलंय ते बघा. एनएसएफ/एएनएसआय ही फिल्टरांची अमेरिकी मानकं. त्यातलं ४२ हे मानक क्लोरीन, चव, वास यांचं. आरोग्याला घातक घटकांसाठी ५३ आहे, आणि त्यातही ‘शिसं’ असं नाव घेऊन दावा केलेला असावा लागतो. फिल्टरमधलं कार्ट्रिज दोन्हीकडे तितकंच काळं दिसतं.

राहिला शेवटचा प्रश्न, तो फार थोडे विचारतात : काढलेलं शिसं जातं कुठे? कार्बन भरला की सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतो. हायड्रोजन आयन आत शिरतात, शिसं बाहेर येतं आणि दाणे पुन्हा वापरता येतात, दर खेपेला थोडे कमी ताकदीने. एवढ्या पाण्यातलं शिसं मग एका बाटलीत उतरतं. ती बाटली सिंकमध्ये ओतायची नाही. त्यात चुना घालून साका पाडते, गाळ वेगळा करते आणि घातक कचऱ्याच्या डब्यावर तारीख लिहून ठेवते. मला नको असलेला तो पांढुरका साका इथे मात्र मी मुद्दाम पाडते.