अ‍ॅम्पमध्ये बदल केला की आवाज खरंच सुधारतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी गाणं ऐकायला येणारा प्रत्येक जण टेबलावरच्या त्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरकडे बघून हेच विचारतो: "आतलं एवढं बदललंत, पण फरक कळतो का?" पहिल्या बदलाचा कळला. दुसऱ्याचा कळला असं महिनाभर मनापासून वाटत होतं.

अ‍ॅम्प वडिलांचा, १९८६ सालचा, दर चॅनलला ३० वॅटचा. दोन वर्षांपूर्वी त्यात बारीक घूं सुरू झाली. आपली घरची वीज ५० हर्ट्झची. डायोडांतून जाताना लाटेचे दोन्ही अर्धे एकाच दिशेला वळतात, म्हणून मागे राहणारी लहर १०० हर्ट्झची असते. ती सपाट करणं हे मोठ्या फिल्टर कपॅसिटरांचं काम. त्यांच्या आतला द्रव उष्णतेनं हळूहळू आटत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. आमच्या अ‍ॅम्पमध्ये ते उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या हीटसिंकला अगदी खेटून बसवलेले.

आता ही घूं एवढी का टोचते, ते बघा. काळी एकच्या गायकाचा तंबोरा असेल तर खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. त्या सप्तकातला तीव्र मध्यम ९८च्या आसपास, पंचम १०४ला. १०० हर्ट्झ नेमके या दोघांच्या मधल्या फटीत! जुळलेल्या तंबोऱ्याशेजारी कुणी भलताच स्वर धरून बसावं आणि उठूच नये, तसं. विलंबित ख्यालात, गायक श्वास घेतो तेवढ्या वेळात, दुसरं काही ऐकूच येईना.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून दोन कपॅसिटर आणले, ४७०० एमएफडीच्या (मायक्रोफॅरड, चार्ज साठवण्याच्या क्षमतेचं माप) जागी ६८०० एमएफडीचे, ६३ व्होल्टचे. जुने काढण्याआधी रेझिस्टर लावून रिकामे केले. अ‍ॅम्प बंद असला तरी ते चार्ज धरून असतात. उघडणार असाल तर एवढं विसरू नका. गाणं न लावता स्पीकरच्या टोकांवर आधी ९ मिलिव्होल्ट दिसत होते, नंतर एकाच्याही खाली. पण खरी पावती आईची. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिनं विचारलं, "मागचं ते घूं घूं थांबलं का रे?"

मग हात शिवशिवले. टोन कंट्रोलमधली जुनी ४५५८ चिप काढून एनई५५३२ बसवली. कागदावर ही चिप निःसंशय सरस आहे, तिचा स्वतःचा खरखराट कमी. लावली आणि वाटलं, गायक दोन हात पुढे येऊन बसला. सारंगी उजळली. भेटेल त्याला हे सांगत होतो.

एका मित्राकडे हेच मॉडेल आहे. कपॅसिटर त्यानंही बदललेले, चिप मात्र जुनीच. त्याचा अ‍ॅम्प घरी आणला, तेच स्पीकर कधी या तर कधी त्या अ‍ॅम्पला जोडणारा स्विच मधे बसवला. दोन्ही व्हॉल्यूम एकाच खुणेवर ठेवले आणि २०० हर्ट्झचा सूर लावून मल्टीमीटर धरला. त्याचा २.०० व्होल्ट, माझा २.१०. म्हणजे माझा ०.४ डेसिबलनं मोठा. एवढा फरक कानाला 'मोठा' म्हणून कळत नाही. तो 'स्वच्छ', 'भरलेला', 'जवळचा' म्हणून कळतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. शिवाय आवाज वाढला की खर्जाची बाजू कानाला जास्तच भरीव लागते. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी आखलेल्या वक्रांत हे दिसतं. आणि चिप बदलायला अर्धा तास लागतो. आधीचा आवाज कान इतका वेळ बारकाव्यासकट धरून ठेवू शकत नाहीत. मी तुलना करत होतो ती आठवणीशी.

व्होल्टेज सारखं केलं. लेकीनं नाणं उडवून स्विच फिरवायचा, मी तिच्याकडे पाठ करून बसायचं, तोच तंबोरा आणि तीच आलापी. १६ वेळा विचारलं, ९ वेळा बरोबर निघालो. नुसत्या अंदाजानंही ८ येतात. निदान १२ आले असते तर मानलं असतं, कारण तेवढे निव्वळ नशिबानं येण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास. त्या रात्री वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. ती उजळलेली सारंगी मी खरंच ऐकली होती.

नवी चिप अजून आतच आहे, काढायला कारण नाही. पण त्यानंतर मी कोपऱ्यातले स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे घेतले, आणि तबल्याच्या डग्ग्याची गडगड उतरून त्याची मींड मोकळी झाली. त्यासाठी नाणं उडवावं लागलं नाही, घरातल्या प्रत्येकाला कळलं.

तेव्हा तुमचा अ‍ॅम्प किती जुना आहे ते सांगा. रात्री सगळं शांत झालं की गाणं न लावता स्पीकरला कान लावून बघा. घूं आली तर कपॅसिटर आणायला तापकीर गल्लीत मी स्वतः सोबत येईन. नाही आली, तर आधी स्पीकर हलवून बघू.